दिवस मावळायच्या आत

पद्मा गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात वांगी चिरत बसले होते. फोन तिच्या सुनेचा, मेघाचा. "शालन मावशी, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. मला आधी रडू आलं नाही, राग आला. आदल्याच आठवड्यात मी सांगलीला दवाखान्यात तिला भेटून आले होते. नाकात नळी, हाताला सुई, आणि अशा अवतारात बाईसाहेब मला सांगत होत्या की नागपंचमीला शिराळ्याला येते, आठ दिवस राहते, तुझ्या सुनेला सांगून ठेव. मी म्हटलं, आधी उठून बस तर खरी. तर म्हणाली, "येते म्हणलं न्हवं? मग येते." पन्नास वर्षांच्या दोस्तीत तिनं शब्द फिरवल्याचं मला आठवत नाही, आणि फिरवला तो असा.

दोन आठवड्यांनी सांगलीच्या विश्रामबागेत शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, सगळं रीतसर. एकेक जण उठून बोलायला लागला आणि माझं पित्त खवळायला लागलं. कुणी म्हणालं शांत, कुणी म्हणालं सोशिक. एका गृहस्थांनी सांगितलं की पद्मावतीबाईंनी जन्मभर दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घातला नाही आणि कुणाला कधी उलट शब्द बोलल्या नाहीत. यातलं पहिलं ऐकून मी मान डोलावली, दुसरं ऐकून मला ठसका लागला. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. मला बोलायला कुणी बोलावलं नाही ते बरंच झालं. शांत म्हणे! तिथं जे बोलले असते ते आता इथं, या पुरवणीत लिहिते.

एकाहत्तरची लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, त्या लढाईत डावा पाय गुडघ्याखाली गमावून शिराळ्याला परत आला होता. आमच्याकडं घराघरात फौजी. गावानं हार घातले, गुलाल उधळला, आणि महिन्याभरात सगळे आपापल्या उसाला पाणी पाजायला निघून गेले. दादा ओट्यावर बसून राहिला. त्याचे सुभेदार त्याच सुमाराला पेन्शनीत निघाले होते. ते साताऱ्याजवळच्या एका खेड्यातले, आम्ही पोरी त्यांना मामा म्हणायचो. दादाला बघायला ते अधूनमधून यायचे आणि त्याच्याकडं बघून गप्प बसायचे. अशाच एका गप्प बसण्यातून त्यांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. सायकलवरून पार काठमांडूपर्यंत जायचं आणि वाटेतल्या गावागावात थांबून पाय गमावलेल्या जवानांसाठी, त्यांना नकली पाय मिळावेत म्हणून, मदत गोळा करायची. काठमांडूच का, तर लढाईत यांच्या शेजारच्या खंदकात गोरखे होते, आणि त्यांच्यातलेही कितीतरी जण असेच कुबड्या घेऊन डोंगरात परत गेले होते. आपल्या पोरांना पाय पाहिजेत तसे त्यांच्याही पोरांना पाहिजेत, असं त्यांचं सरळ म्हणणं. आणि तुकडी पोरींची. बाप्ये सायकलवरून गेले तर कुणी मान वर करून बघत नाही, पोरी गेल्या की गाव गोळा होतं, हा मामांचा हिशेब. तो पुढं शंभर टक्के खरा ठरला.

पद्मा आणि मी तेव्हा सांगलीत कॉलेजला होतो, विश्रामबागेत एकाच खोलीत राहत होतो. ती कृष्णाकाठच्या एका गावातली, जैन शेतकऱ्याची लेक. घरचा ऊस, घरची हळद, दाराशी ट्रॅक्टर. मी मामांचं खूळ तिला सांगितलं ते हसण्यासाठी म्हणून, आणि ही हसलीच नाही. "मला घेत्यात का बघ," म्हणाली. माझं मला अजून जायचं का नाही ते ठरत नव्हतं, आणि ही दुसऱ्या दिवशी सायकलचं सीट उंच करून घेऊन आली. अशा करत आम्ही सहा जणी जमलो. मामा सरावासाठी सांगलीत येऊन राहिले, पहाटे अंधारात मैदानावर हजर असायचे. दांडीवाल्या, पुरुषी, काळ्या जडशीळ सायकली, आणि प्रत्येकीच्या कॅरिअरवर ओल्या वाळूचं पोतं बांधलेलं. का, तर पुढं सामान बांधून चालवायची सवय व्हावी. मिरज झालं, तासगाव झालं, मग ऊन सोसायची सवय म्हणून आटपाडीचा रस्ता झाला. तिथं मैलोगणती सावली नाही, आणि वाळू वाळून पोतं हलकं झालं की मामा विहिरीवर थांबवून पुन्हा भिजवायला लावायचे. मांड्या अशा भरून यायच्या की खोलीवर आल्यावर जिना बसून बसून चढायचा. सुट्टीला शिराळ्याला गेले की दादा ओट्यावर माझी सायकल उलटी करून चेनला तेल घालत बसायचा. लढाईवरून आल्यापासून त्यानं आपणहून हातात घेतलेलं ते पहिलं काम.

पद्माचा स्वभाव म्हणाल तर एकच सांगते. एकदा पुलाच्या चढावर एका टग्यानं आम्हाला बघून शीळ घातली आणि वर म्हणाला, दमल्या का गं म्हशी. आम्ही पाच जणी खाली मान घालून पुढं गेलो. पद्मा उतरली, सायकल त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, घे, ह्या वाळूसकट वरपर्यंत मारून दाखव. बघ्यांची ही गर्दी. बिचाऱ्याला माघार घेता येईना. चार पॅडल मारली आणि सायकल, पोतं आणि तो, तिघं रस्त्यावर. हिनं सायकल उचलली, हँडल सरळ केलं आणि त्याच्याकडं न बघता चढ चढून गेली. ही सोशिक बाई.

माशी शिंकली ती तिच्या घरी. तिचे वडील, अण्णा, वाईट माणूस नव्हते. पोरगी शिकते याचा त्यांना अभिमान होता आणि सायकललाही त्यांची ना नव्हती. त्यांची हरकत जेवणाला होती. त्यांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे. दिवे लागायच्या आत ताटं होऊन चूल विझलेली असायची, मग सकाळी सूर्य दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. जैन घरांतला हा जुना नेम. पद्मा काही फार देवधर्म करणाऱ्यातली नव्हती, मंदिरात जायचं म्हटलं की तिचं डोकं दुखायचं, पण हा नेम मात्र तिच्या अंगात मुरलेला. संध्याकाळी पाचला खोलीवर तिचा डबा उघडायचा म्हणजे उघडायचा. अण्णांनी तिला समोर बसवून सांगितलं की परमुलखात, रस्त्यावर, फौजी माणसाच्या हाताखाली तुला रात्रीच जेवावं लागणार, म्हणून जायचं नाही. ही म्हणाली, जाणार. अण्णा म्हणाले, मग जेवशील. ही म्हणाली, जेवणार पण नाही. शेवटी अण्णांनी त्यांच्या मते न जमणारी अट घातली. "त्या सुभेदाराला हितं येऊन मला सांगू दे, तुजं जेवान दिसाउजेडी हुईल म्हणून. मग जा खुशाल."

आता मामांना हे सांगायचं कुणी? सकाळच्या सरावात फार तर केळी आणि शेंगदाणे, रात्रीच्या जेवणाचा प्रश्न कधी आलाच नव्हता. पद्मा म्हणाली, साताऱ्याची फेरी होऊ दे, तिथं बोलते. ही साताऱ्याची फेरी म्हणजे आमची परीक्षा होती. एका दिवसात सांगली ते सातारा, मुक्काम मामांच्या घरी, दुसऱ्या दिवशी पहाटे यवतेश्वरचा घाट, आणखी एक रात्र मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी परत. यात जी टिकेल तीच काठमांडूला, असं मामांनी आधीच बजावलं होतं.

थंडी सरत आली होती. इस्लामपूरपर्यंत मजेत गेलो, कराडपर्यंत बऱ्यापैकी, आणि पुढं समोरून असा वारा सुटला की उतारावरसुद्धा पॅडल मारावं लागायचं. त्यात दोघींच्या सायकली पंक्चर. नागठाण्याच्या पुढं दिवस मावळला. पद्मा माझ्या शेजारून चालली होती. तिनं एकदा पश्चिमेकडं बघितलं. मामांच्या घरी पोचलो तेव्हा दिवे लागून गेले होते. मामींनी अंगणात बत्ती लावून पंगत मांडली होती. आमच्यासाठी मटण, आणि पद्मा मटण खात नाही एवढं मामांना माहीत असल्यामुळं तिच्यासाठी वेगळी मटकीची उसळ. आता मामांचा घोटाळा असा की पद्मा पाटील म्हणजे आपल्यातलीच कुणीतरी, घरात माळकरी असतील म्हणून मटण खात नसेल, असं ते धरून चालले होते. सांगलीकडं जैनांतही पाटील असतात हे त्या डोंगराकडच्या माणसाला कुठून माहीत असणार? मामींनी ताट पुढं ठेवलं. पद्मानं ते दोन्ही हातांनी अलगद मागं सारलं आणि म्हणाली की मी आता नाही जेवणार.

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला तेव्हा कळलं नाही, नंतर दादानं उलगडून सांगितलं. पलटणीत जवानानं जेवणाचं ताट नाकारणं ही साधी गोष्ट नसते. उपाशी राहणं हेच तिथलं बंड. एकानं जरी ताट सारलं तरी वरपर्यंत बोभाटा होतो, चौकशी बसते, तक्रार काय आहे ते विचारलं जातं. मामांची उभी हयात त्यात गेलेली. त्यांनी आवाज खाली आणून, अगदी चौकशीच्या सुरात तिला विचारलं, "काय तक्रार हाय?" पद्मा म्हणाली, काही तक्रार नाही. झालं! तक्रार नाही आणि ताट नाही, म्हणजे ही सरळ सरळ बंडाळी. मी मधे पडून सांगितलं की आवं मामा, ती जैन आहे, त्यांच्यात रात्री जेवत नाहीत. मामा खाटेवर बसले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारात पडले. मला वाटलं सुटलो. पण सुभेदार तो सुभेदार. ते म्हणाले की नेम असेल, चांगला असेल, पण तुकडीत एकच वेळ चालते. दिवसभर चालायचं, अंधार पडल्यावर मुक्काम, हजेरी आणि मग जेवण. एकीला सूट दिली की तुकडी फुटली. आणि जी रात्री उपाशी झोपते ती दुसऱ्या दिवशी घाटात कोसळते, तिला मी तिच्या बापाला काय म्हणून दाखवू? नेम सोड नाहीतर सायकल सोड, सकाळच्या एस.टी.नं परत जा.

बघा म्हणजे. तिकडं बाप म्हणत होता सायकल सोड, इकडं सुभेदार म्हणत होता नेम सोड, आणि दोघांचंही म्हणणं एकच, की दोन्ही तुला झेपायचं नाही. पद्मानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, गटागटा प्याली आणि आत जाऊन झोपली. पहाटे आम्ही निघालो तेव्हा ती सायकल घेऊन आमच्या आधी दारात उभी. मामांनी तिच्याकडं बघितलंच नाही आणि तिनंही त्यांच्याकडं. यवतेश्वरचा घाट जे सायकलवर चढलेत त्यांना सांगायला नको. पहिल्या वळणापासून छाती फुटायला लागते. पद्मा आदल्या दुपारपासून उपाशी, तरी निम्म्यापर्यंत माझ्या चाकाला चाक लावून आली. आणि मग मागं पूर्वेला सूर्य वर आला. तिनं काय करावं? ब्रेक लावला, सायकल कठड्याला टेकवली, हँडलला बांधलेलं फडकं सोडलं आणि कठड्यावर मांडी घालून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खायला बसली. मामा वरच्या वळणावरून ओरडतायत, आम्ही धापा टाकतोय, आणि ही सावकाश एकेक घास चावून खातेय, जशी काही माहेरच्या पडवीत बसली आहे. शेवटचा घास खाऊन हात पुसले, फडकं घडी करून बांधलं आणि पुन्हा सायकलवर बसली. वर पोचली ती सगळ्यात शेवटी. पण पोचली, आणि एकदाही न उतरता पोचली. आमच्यातल्या तिघींनी मधे सायकल ढकलत नेली होती, त्यात मीही होते.

मामा तरी म्हणाले, शेवटची आली, यादीतून नाव काढलं.

त्या दिवशी सायकली पुसायच्या, चाकं सरळ करून घ्यायची अशी कामं होती. पद्मा सगळी कामं करत होती. मामींनी तिला साडेपाचला गुपचूप आत बोलावून जेवायला वाढलं, ती जेवली. संध्याकाळी आम्ही पाच जणी परड्यात जमलो. कुणी पुढाकार घेतला ते आता आठवत नाही, मी घेतला असं मी आजवर सांगत आलेय. ठरलं एवढंच, की आज रात्री आपणही जेवायचं नाही. पद्माला हे कळलं तेव्हा ती आमच्यावरच उखडली. "तुमी कशाला? नेम माजा हाय. भूक लागल्यावर जेवा की गपगुमान," म्हणाली. कुणीतरी आपल्यासाठी उपाशी राहावं हे तिला अजिबात खपत नव्हतं. पण आता आम्हीही हट्टाला पेटलो होतो. दिवे लागले, बत्ती आली, ताटं आली. आदल्या रात्रीचा रस्सा मुरून असा झाला होता की वासानंच जीव कासावीस व्हावा. घाट चढून माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी डोळे मिटले आणि ताट सारलं. मग शेजारचीनं सारलं. मग तिच्या पलीकडचीनं. पाचही ताटं पुढं सरकली.

 मामा उभे होते. लढाईत माणसं पडताना बघितलेला तो माणूस, पण पाच सारलेल्या ताटांपुढं त्यांचा चेहरा पडला. ते दाराबाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मामींनी ताटं झाकली. "लय चांगलं केलंत बायांनो," त्या हळूच म्हणाल्या, "उघड्या रस्त्यावर रोज रात्री बत्तीच्या उजेडात सहा जणींचा स्वयंपाक मलाच करायचा हुता." हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मामी सामानाच्या जीपमधून बरोबर येणार होत्या, चूल त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी परतीची वाट. निघताना मामांनी पद्माला एस.टी.त बस म्हटलं नाही आणि सायकलवर बस असंही म्हटलं नाही. ती आपली आमच्यात आली. ठरल्याप्रमाणं संध्याकाळी अंधार पडेपर्यंत चालवायचं होतं. पण कराड मागं पडलं, ऊन अजून चांगलं पिवळंधम्मक होतं, आणि सामान नि मामींना घेऊन पुढं गेलेली जीप एका उसाच्या शेताकडेला उभी दिसली. आंब्याखाली तीन दगडांची चूल पेटलेली, मामी पिठलं ढवळतायत. मामांनी आम्हाला हात करून थांबवलं. आम्हाला वाटलं, आता इथं हजेरी घेऊन खडसावणार. त्यांनी टोपी काढली, मामींच्या हातातून ताट घेतलं, जमिनीवर मांडी घातली आणि आमच्या सगळ्यांच्या देखत पहिला घास घेतला. तो गिळून झाल्यावर आमच्याकडं न बघता म्हणाले, "बसा खाली. दिस हाय अजून." पलटणीत ताटं सारली गेली की साहेबानं स्वतः जवानांत येऊन बसायचं आणि आधी आपण जेवून दाखवायचं, मग बाकीचे जेवतात, ही तिथली रीत, हेही मला दादानंच पुढं सांगितलं. आम्हाला तेव्हा एवढंच कळलं की म्हातारा हरला, आणि हरताना ताठ बसून हरला. मी किती भाकरी खाल्ल्या ते विचारू नका. पद्मा शेवटी बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ते बघितलं म्हणून तिनं माझ्याकडं रागानं बघितलं.

मग सगळं वेळापत्रकच उलटलं. पहाटे चांदण्यात निघायचं, दुपारी सावलीत थांबायचं, ऊन उतरल्यावर पुन्हा निघून साडेपाचला मुक्काम गाठायचा, उजेडी जेवायचं आणि मुलाबाळांसारखं लवकर झोपायचं. उत्तरेकडच्या उन्हात हेच वेळापत्रक आमच्या कामाला आलं, नाहीतर आम्ही दुपारच्या झळांनीच भाजलो असतो. मामा एका रविवारी अण्णांकडं गेले. दोघांनाही आपण नमलो असं दाखवायचं नव्हतं, म्हणून म्हणे आधी तासभर हळदीच्या बेण्यावर बोलत बसले. मग मामांनी सांगितलं की पोरीचं जेवण दिवसा होईल. अण्णा म्हणाले, तुम्ही सांगताय म्हणजे होईल, आता दिवस मावळायच्या आत तुम्हीही दोन घास घ्या. झालं, निघाली पद्मा.

काठमांडूपर्यंत आम्ही सहाही जणी पोचलो. त्या वाटेवरचं सांगत बसले तर पुरवणी पुरायची नाही. एवढंच सांगते की डोंगरात दिवस लवकर मावळतो, तिथं पद्मा चारलाच जेवायची आणि तरी चढावर पुढं असायची. गावोगावी लोक येऊन बघायचे, जमेल ते झोळीत टाकायचे. तिथल्या एका गोरख्याच्या दारात मामा त्याच्या गळ्यात पडून रडले तेव्हा पद्मानं आमची सगळ्यांची तोंडं दुसरीकडं वळवली आणि सायकली तपासायला लावल्या. पुढं दादाला पाय मिळाला. तो लावून तो पहिल्यांदा उसात गेला ती सकाळ मला अजून दिसते. मग लग्नं झाली, मी शिराळ्याला राहिले, ती विश्रामबागेत शाळेवर लागली. मामा गेले, मामी गेल्या, अण्णा गेले. आम्ही वर्षातून दोन-तीनदा भेटायचो आणि भांडायचो. गेल्या काही वर्षांत तिला प्रवास झेपत नव्हता, मी जायचे, पण दुपारची गाडी पकडून परत. तिच्या घरी संध्याकाळनंतर मी थांबलेच नाही. तिथंच मला एक गोष्ट कळायची राहून गेली.

शोकसभेच्या दिवशी गाडी चुकली म्हणून मी मेघाकडं, म्हणजे पद्माच्याच घरी, मुक्कामाला राहिले. मेघा दवाखान्यात नर्स आहे, त्या दिवशीही बदली दुसरी कुणी न मिळाल्यानं सभेहून थेट ड्यूटीवर गेली होती. पद्माचा मुलगा पाहुण्यांना गावी सोडायला गेलेला, घरात मी आणि पद्माची नणंद. या बाई मुंबईहून आल्या होत्या आणि मुक्काम हलवायचं काही चिन्ह नव्हतं. दिवे लागायच्या आत त्यांचं जेवण झालं. मलाही आग्रह केला, मी म्हटलं मेघाबरोबर जेवते. तर त्या म्हणाल्या, "ती न्हाई जेवायची. आता या घरात पुन्हा नेम चालू करायचा, मी सांगितलंय तिला." पुन्हा? मी विचारलं, पुन्हा म्हणजे? बाई उठून बाहेरच्या खोलीत गेल्या.

नऊच्या सुमाराला मेघा आली. हातपाय धुतले, स्वयंपाकघरात गेली, आणि सवयीनं फळीवरून दोन ताटं काढून खाली मांडली. मग एकदम थबकली आणि दुसरं ताट उचलायला लागली. मी तिचा हात धरला. तेव्हा तिनं सांगितलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हाही अशीच रात्री ड्यूटीवरून यायची, आणि तेव्हा इथं मुक्कामाला असलेल्या याच नणंदबाईंनी सांगून ठेवलेलं, की या घरात दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही. ही पाणी पिऊन झोपायची, कुणाला बोलायची नाही. पद्माला चार दिवसांनी कळलं. पाचव्या रात्री पद्मानं गॅस पेटवला, आमटी गरम केली, दोन ताटं वाढली, नणंदेच्या समोर मांडी घालून बसली आणि सुनेच्या आधी स्वतः भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. नणंदबाई त्याच आठवड्यात मुंबईला निघून गेल्या. "मी आईंना म्हटलं, तुमचा जन्माचा नेम मोडला माझ्यामुळं," मेघा म्हणाली, "तर म्हणाल्या, तू दमून आलीस, जेव आधी. त्यानंतर रोज बसायच्या मावशी. एक तुकडा का होईना, पण बसायच्या."

क्षणभर मला असा राग आला म्हणता! आम्ही पाच जणी रस्सा पुढ्यात असताना हिच्या नेमापायी उपाशी झोपलो, आणि हिनं तो एका पोरीच्या आमटी-भाकरीसाठी सोडला, आणि वर मला पत्ता लागू दिला नाही. आणि मग मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता जे आलं ते गेले दोन आठवडे येत नव्हतं... मेघानं मला रडू दिलं.

बाहेरच्या खोलीतून नणंदबाईंचा आवाज आला. "मेघा, काय सांगितलंय मी? वहिनी गेली आता. झाकून ठेव ते."

मेघानं माझ्याकडं बघितलं. दिवसभर पायांवर उभी राहिलेली पोरगी, डोळे खोल गेलेले. मी तिच्या हातातून ते दुसरं ताट काढून घेतलं, पदर खोचला आणि खाली बसले. गुडघे दुखतात माझे, वर्षानुवर्षं मी जमिनीवर बसलेली नाही. "वाढ," मी बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आणि तूही बस." आमटी गार झाली होती. मी भाकरी मोडली, पहिला घास घेतला, आणि मेघा जेवायला लागेपर्यंत तिच्याकडं बघत राहिले.